पैनगंगेपलीकडचा वाळा

यवतमाळात आमचं कूलरचं दुकान आहे. उन्हाळा तोंडावर आला की आमच्या गोदामात वाळ्याच्या मुळांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यांच्या ताट्या विणून आम्ही कूलरला लावून देतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या हाताला, पदराला, उशीलासुद्धा तो वास आहे. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाईक बाईंनी ताटी नाकाशी धरून विचारलं, "किती छान! याचं झाड कसं दिसतं हो?"

मी म्हणाले, "झाड नाही, गवत असतं."

"कसं असतं?"

मला सांगता येईना. गल्ल्यावरून आमचे हे हसले. त्या बाई गेल्या, पण प्रश्न राहिला.

हिवाळा संपता संपता मी दुकान ह्यांच्या गळ्यात टाकून कुठंतरी निघते, हे या ब्लॉगच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळी ठरवलं, की वाळा उभा असलेला बघायचा. आमचा व्यापारी म्हणाला, यंदाचा माल आदिलाबादकडून आलाय. तिकडं भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या पलीकडच्या एका गावात, माझी मावसबहीण मंदा दिलेली आहे. तिला फोन केला.

"वाळा? अवं, आमच्या नाल्यालेच हाय! त्याच्यासाठी कोणी येते का एवढ्या लांब? ये पण. त्या निमित्तानं तरी येशील."

रस्ता, बस, जेवण हे सगळं नेहमीसारखं लिहिते, कारण तुम्ही तेच विचारता. पण एक आधीच सांगून ठेवते. या प्रवासात एक बाई गेली. मी तिथं होते. तिचं नाव कमल.

यवतमाळहून पांढरकवडा, आणि तिथून नागपूर–हैदराबाद महामार्गानं आदिलाबाद. रस्ता उत्तम आहे. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगूत होतात, पण पूल संपल्यावर पहिल्या टपरीवरचा माणूस मराठीतच विचारतो, "च्या घेता का बाई?" दोन्ही बाजूंना कापूस वेचून संपलेली पऱ्हाटी काळ्या काड्यांसारखी उभी होती आणि मधेच एखादा पळस भरात होता. आदिलाबादच्या स्टँडसमोर इडली खा. सोबतची शेंगदाण्याची चटणी पुन्हा मागितली तरी कपाळाला आठ्या घालत नाहीत.

तिथून भीमपूरकडं 'पल्ले वेलुगु' म्हणजे खेड्यापाड्यांत जाणारी साधी बस मिळते. दिवसातून थोड्याच असतात, तेव्हा आधी चौकशी करा. या राज्यात बायकांना बस फुकट आहे. मी ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरबाईंनी उलटसुलट बघितलं आणि हिंदीत म्हणाल्या, "ये तो महाराष्ट्र का है अम्मा. पैसे निकालो." सगळी बस हसली. मीही हसले.

मंदाचे यजमान विठ्ठलराव फाट्यावर घ्यायला आले होते. पन्नाशीचे, उंच, आवाज मोठा. कापूस, सोयाबीन आणि घरापुरती ज्वारी करतात. घरी पोचून चहा होतो न होतो तोच म्हणाले, "चला ताई, तुमाले वाळा दाखवतो. अन् वाळ्यानं माहं काय केलं, थेही दाखवतो."

त्यांचं वावर नाल्याला लागून आहे. आम्ही शेवटच्या धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, गेलो, तर तिथं धुराच नव्हता. जमीन कापल्यासारखी तुटली होती आणि दोन पुरुष खोल खाली नाल्याचं पाणी बारीक वाहत होतं. एक बाभूळ अर्ध्या मुळांवर हवेत लोंबत होती.

"हे बाभूळ माह्या वावरात होतं," विठ्ठलराव म्हणाले. "दर पावसाळ्यात कपाशीच्या ओळी नाल्यात जाऊन राह्यल्या. काऊन? तर हे बघा."

थोड्या अंतरावर काठाला वाळा होता. मी पहिल्यांदा पाहिला तो असा. माणसाच्या उंचीचे ताठ ठोंब, पाती अरुंद, कडेला खरखरीत, उन्हानं पिवळी पडलेली. वर वाळलेल्या तुऱ्यांचा तांबूस पिसारा. मी धावत जाऊन पातं चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. काहीच वास नाही. साधं गवत. वास सगळा खाली.

जिथं ठोंब उभे होते तिथं काठ सरळ भिंतीसारखा शाबूत होता. जिथं ते खणून नेले होते, तिथं मोठमोठी खिंडारं पडली होती. त्यातल्याच एका खिंडारात एक माणूस आणि एक बाई सब्बल घेऊन खणत होती. विठ्ठलराव काठावरूनच ओरडले.

"गंगाराम! किती बोललो तुले? तू खणतं अन् माहं वावर जाते!"

खालच्या माणसानं सब्बल टेकवली, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि शांतपणे वर बघितलं.

"कुंट्याखालचं गवत कोणं नांगरलं, विठ्ठलभाऊ? थे राह्यलं असतं, तर मी इथी काऊन मरायले आलो असतो?"

विठ्ठलराव तोंडातल्या तोंडात शिवी देत घराकडं वळले. गंगारामसोबतच्या बाईनं मात्र माझ्याकडं बघून हात हलवला, जणू आमची जुनी ओळख होती.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. विठ्ठलराव भराभर जेवले. ते उठून गेल्यावर मंदानं मला कुंट्याची गोष्ट सांगितली. कुंटा म्हणजे लहान तळं. गावाच्या वरच्या अंगाला ते आहे. त्याच्याखाली पूर्वी मोठी पाणथळ होती, तिला सरकारी कागदात 'शिकम' म्हणतात, म्हणजे तळ्यातच मोजलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन. तिथं वाळाच वाळा होता, आणि त्याच्या वर चढणीला गुरांचा माळ. मग कापसाला भाव आला. आधी एकानं नांगर घातला, मग दुसऱ्यानं.

"अन् यायनंही घातला," मंदा म्हणाली. "खोटं काऊन बोलू? त्या पैशावर हे घर उभं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंट्यावर गेले. जाणार असाल तर बूट घाला, साडी नको. माळाचा जो तुकडा उरलाय त्यावर कुसळी गवत आहे, आणि त्याची बाणासारखी कुसळं कापडातून थेट कातडीत जातात. माळ म्हणजे आता दोन टेकाडांमधली एक पट्टी. पळस, थोडी खुरटी बोरं, आणि मधे वाऱ्यानं वाकणारं सोनेरी पवन्या गवत. तेवढ्या पट्टीत उभं राहिलं की वाटतं, इथं केवढं काय असेल! तिथून खाली बघितलं तर कुंट्याच्या काठापासून नजर पोचेल तिथवर काळी पऱ्हाटी. पाणथळ कुठं होती ते ओळखायची एकच खूण. त्या वावरांत अजून ओल होती आणि माझे बूट रुतत होते.

गावातले लोक एकटे फिरू नका म्हणतात. नदीपलीकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून वाघ या बाजूला येतो. म्हणूनच गंगारामबरोबर त्याची बायको खणायला जाते, हे मला त्या दिवशी कळलं. परतताना मी नाल्यात उतरले. आदल्या दिवशी हात हलवणारी ती बाई, गंगारामची बायको कमल, पाण्यात बसून मुळं धूत होती.

"तुमी कूलरवाल्या ना? मंदा बोलली मले. बसा वं बाई, धोंडा कोरडा हाय."

कमल माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. कपाळावर हिरवं गोंदण, बोलताना हात सारखे चालू. मुळांचा धुतलेला झुबका तिनं झटकला आणि माझ्या मांडीवर ठेवला. ओल्या मातीचा आणि वाळ्याचा वास एकत्र आला. दुकानात येतो तो वास त्यापुढं शिळा वाटला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी वास राह्यते का? का फेकून देता?"

"दोन उन्हाळे राहतो. मग फेकतात लोक."

"दोनच?" तिला वाईट वाटलं. "एवढ्या मेहनतीचं बाप्पा!"

मी विचारलं, ठोंबाच्या वरून न खणता काठाला खालून का पोखरता? गंगाराम खिंडारात पाठमोरा खणत होता, तिथूनच म्हणाला, "वरून खणलं का मुळं तुटते. खालून गेलं का लांब निघते. व्यापारी लांबच मागते."

व्यापारी लांब मुळं मागतो कारण आम्ही लांब मागतो. लांब मुळांची ताटी घट्ट बसते. हे त्यांना माहीतच होतं.

कमलनं तिच्या मुलीचा फोटो दाखवला. पूजा. बासरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. "दहावीच्या मार्कांवर लागला नंबर. तेलुगू अशी बोलते का मले काई समजत नाई," कमल हसत म्हणाली. "मले फोनवर रागावते. खड्ड्यात घुसू नको म्हणते. मी म्हणतो, तू येऊन खण मग." मला म्हणाली, उद्या सकाळी या, तुमाले मुळं काढायले शिकवतो. गावाकडच्या बायकाही इकडं 'मी म्हणतो' असंच बोलतात. मला ते गोड वाटलं.

मी गेले. तिसऱ्या दिवशी, न्याहारी करून, उन्हं चढत असताना. विठ्ठलराव वरच्या अंगाला वावरात पऱ्हाटी उपटत होते. गंगाराम पाण्याजवळ गठ्ठा बांधत होता. कमल खिंडारात होती, कंबरेपर्यंत आत. माझी चाहूल लागताच तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "आल्या का? थांबा, हा एक झुबका सुटूनच राह्यला."

आवाज मोठा झाला नाही. जड पोतं जमिनीवर टाकावं तसा, एवढाच. वरचा काठ आख्खा खाली बसला. धूळ उडाली आणि खिंडार होतं तिथं नुसता मातीचा ढीग होता. वर दोन वाळ्याचे ठोंब, उभेच्या उभे.

गंगारामनं गठ्ठा टाकला. तो धावला आणि फावडं उचलून ढिगात घालणार, तोच विठ्ठलराव वरून घसरत खाली आले आणि त्यांनी त्याच्या हातातलं फावडं हिसकावून लांब फेकलं. "हातानं! लागंल तिले! हातानं काढ!"

आम्ही तिघं हातांनी उकरू लागलो. काळी माती वरून कोरडी आणि आत ओली, जड, गोळेच्या गोळे. उकरलं की वरून पुन्हा घसरायची. विठ्ठलरावांनी तिथं स्वतःची पाठ लावली, येणारी माती पाठीवर झेलत राहिले आणि आम्हाला म्हणाले, "काढा, काढा." माझी नखं मुळांत अडकत होती. त्या मातीत सगळीकडं वाळ्याचा वास होता. लग्न झाल्यापासून तो वास मला प्रिय होता. त्या वेळी मी तो टाळायला तोंडानं श्वास घेत उकरत राहिले.

आधी हात लागला. बांगड्या फुटल्या नव्हत्या. गंगारामनं तो हात धरला आणि बोलायला लागला, "कमल, आलो वं, आलोच, दम धर." मी हात सोडवून नाडी बघितली. मला काही कळलं नाही, पण मी म्हणाले, आहे. का म्हणाले कुणास ठाऊक. तोवर आवाज ऐकून गावातली माणसं आली. चेहरा मोकळा झाला तेव्हा तिच्या तोंडात माती होती. विठ्ठलरावांनी बोटानं ती काढली, आपल्या लेकराच्या तोंडातली काढावी तशी. मग छाती मोकळी झाली. कुणीतरी दाबून बघितलं, बराच वेळ बघितलं. गंगाराम अजून बोलतच होता. शेवटी विठ्ठलरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस कर, गंगाराम."

अँब्युलन्स गावापर्यंत येते, नाल्यापर्यंत रस्ता नाही. बाजेवर घालून तिला वावरातून वर आणलं. अँब्युलन्समधल्या माणसानं तपासलं आणि मान हलवली. पोलीस आले. असं मरण आलं की आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात चिरफाड करावी लागते. गंगारामला तेलुगू जेमतेम येतं, म्हणून त्याच्याबरोबर मंदा आणि विठ्ठलराव गेले. मीही गेले. पंचनाम्यात तरुण हवालदारानं विचारलं, जागा कुणाची? काठ सरकारी नाल्याचा. गंगाराम घाबरून विठ्ठलरावांकडं बघायला लागला. सरकारी नाल्यात खणलं म्हणून उलटंच काही अंगावर आलं तर? विठ्ठलराव म्हणाले, "लिहा साहेब, माह्या वावराचा काठ होता. माह्या कामाले आल्ती." गंगाराम तोंडात रुमाल कोंबून रडायला लागला. सकाळपासून पहिल्यांदाच.

पूजाला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आईला लागलंय, आदिलाबादला उतर. भैंशावरून, निर्मळवरून येणाऱ्या बसनं ती यायची होती. दवाखान्यातून बाकी कुणालाच हलता येईना. मंदानं माझ्या फोनवर तिचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "शोभाताई, तूच जा वं. घेऊन ये तिले."

दोनच दिवसांपूर्वी मी ज्या स्टँडसमोर इडली खाल्ली होती, तिथं उभी राहिले. बसमागून बस येत होती. मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. पूजा उतरली तेव्हा पाठीवर कॉलेजची सॅक, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. वर्गातूनच निघाली असावी. मी पुढं होऊन नाव घेतलं. तिनं माझे हात बघितले. धुतले होते, पण नखांत काळं तसंच होतं.

"काठ पडला?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"आई गेली?"

मी तिच्या पाठीवरची सॅक काढून घेतली. तिला तेवढ्यानं कळलं. ती तिथंच, स्टँडच्या पायरीवर बसली. आजूबाजूनं लोक सामान घेऊन चढत-उतरत होते. एक म्हातारा तेलुगूत काहीतरी विचारायला थांबला आणि तिचं तोंड बघून निघून गेला. गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरून ती म्हणाली, "दिवाळीतच बोलली होती मी तिले. मावशी, मी मोजून दाखवलं होतं, किती आतपर्यंत पोकळ झालं थे. हसली ती माह्यावर. म्हणे, तुही फी भरू का काठ मोजू?"

मग तिनं विचारलं, "तुमी कोण?"

"मंदाची बहीण," मी म्हणाले. "यवतमाळची." कूलरचं दुकान आहे, हे मी सांगितलं नाही. ती उठली, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

कमलला संध्याकाळी पैनगंगेच्या काठावर नेलं. आम्ही बायका गावातच थांबलो. माझी बस दुसऱ्या दिवशीची होती. मंदा म्हणाली राहा, पण मला राहायचं नव्हतं. निघताना गंगारामच्या अंगणावरून गेले. बांधलेला गठ्ठा कुणीतरी नाल्यातून उचलून आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. पूजा उंबऱ्यात बसली होती. ती गठ्ठ्याकडं बघत नव्हती आणि कुणी तो हलवतही नव्हतं.

घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "मग, कसं दिसतं ते गवत?" मी सांगायला गेले आणि मला रडू फुटलं. मग सगळंच सांगितलं. ते गोदामात जाऊन बराच वेळ बसून आले. आम्ही व्यापाऱ्याला कळवलं, की यापुढं लांबच हवीत असा हट्ट नाही, तुटकी, आखूड मुळं चालतील. तो म्हणाला, तुम्हाला चालतील हो, बाकीच्यांना नाही चालत. वाळा विकणंच बंद करावं असं मला सारखं वाटतं. मंदाला तसं म्हटलं, तर ती चिडली. "अन् गंगारामनं काय खावं मग? पोरीचं एक वरीस राह्यलं हाय."  या उन्हाळ्यात आम्ही ताट्या विकल्या. आखूड मुळांच्या विकल्या, सैल बसतात म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

कुणाला तिकडं जायचं असेल तर जरूर जा. माळाची ती पट्टी अजून आहे, निदान मी गेले तेव्हा होती. पाऊस संपल्यावर वाळ्याला तुरे येतात, तेव्हा जा. फक्त नाल्यात काठाखाली उभं राहू नका.

मागच्या आठवड्यात मंदाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "गंगाराम काय करतो आता?"

"जाते नं खणायले. दुसरं काय करंल?"

"एकटा?"

"नाई," मंदा म्हणाली. "आमचे हे जातेत त्याच्यासंगं. खणत नाई. समोरच्या काठावर बसून राह्यतेत, माती हलते का बघत. सकाळची कामं सोडून. मी बोलली, अवो, तुमचंच वावर चाललं नं त्याच्यात? तर मलेच म्हणतेत, तू चूप बस."

"आणि गंगाराम?"

"थो खणते. माती हलली म्हणून यायनं हाक मारली का बाहेर येते. मग पुन्हा आत जाते."